फोटोखालची खुर्ची

रावेरच्या स्टेशन रस्त्यावर ‘रतिलाल फोटो स्टुडिओ’ अशी पाटी होती, आणि अठरा वर्षांत त्या स्टुडिओतून बाहेर पडलेल्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर त्याच नावाचा जांभळा शिक्का होता. फोटो धुणारी, वाळवणारी, कडा कापणारी आणि तो शिक्का मारणारी बाई मात्र मंदाबाई भंगाळे होती. रतिलालभाऊ माणूस चांगला, नवरदेवाला हसवण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण फोटो धुण्याच्या हायपोचा वास नाकात गेला की त्याला एकामागून एक बारा-पंधरा शिंका येत. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात अशा शिंकांच्या झटक्यात त्याने एका मामलेदाराच्या मुलीची अख्खी निगेटिव्ह फरशीवर पाडली आणि तिच्यावरच पाय दिला. त्या दिवसापासून कडब्याच्या खोलीची जी डार्करूम केली होती ती मंदाबाईच्या ताब्यात गेली.

मंदाबाई पहूरची. मॅट्रिक झालेली, गणितात बरी, बोलायला कमी. लाल दिव्याखाली उभं राहून तिने अर्ध्या तालुक्याची तोंडं पाण्यातून वर येताना पाहिली होती. मुलगी पसंत पडावी म्हणून तिचे फोटो उजळ करून दिले होते, पेन्सिलीने देवीचे व्रण बुजवले होते. कॅमेऱ्याला तिने हात लावायचा नाही असं कोणी सांगितलं नव्हतं. तसं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, तिच्याही नाही.

सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर जळगावात रविवारचा छायाचित्रणाचा वर्ग निघाला. नोकरीधंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठी एक वर्षाचा. रतिलालभाऊने उत्साहाने नाव घातलं. मग त्याच्या लक्षात आलं की तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं सुरू होतात, आणि बहुतेक सगळी रविवारीच निघतात. हे त्याला फी भरण्याआधी का सुचलं नाही हे विचारण्यात अर्थ नाही. अठरा वर्षं लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाला ते नाहीच सुचलं.

“तू जा,” तो बायकोला म्हणाला. “काय शिकवतात ते लिहून आण. मी नंतर वाचून घेईन.”

मंदाबाई सकाळच्या पॅसेंजरने भुसावळ आणि तिथून जळगाव अशी गेली. मास्तर धुळ्याचे, भटू देवरे नावाचे. उंच, किरकिरे, पण कामाला वाघ. त्यांनी हजेरी घेतली. डाळमिलमधला कारकून होता, सोन्यावर नक्षी करणारा एक जण होता, दवाखान्यातली नर्स होती.

“रतिलाल भंगाळे.”

“हजर,” मंदाबाई म्हणाली.

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढचं नाव घेतलं. तीन रविवार ती रतिलाल म्हणून हजर राहिली. चौथ्या रविवारी त्यांनी विचारलं, “ताई, हे रतिलाल कोण?”

“मालक.”

“ते वाचतात का तुम्ही लिहून नेलेलं?”

“नाही. झोपतात.”

देवरे सरांनी हजेरीपुस्तकात रतिलाल या नावावर रेघ मारली आणि वर लिहिलं, मंदाबाई. ती घरी आली आणि हे कोणाला बोलली नाही. पण पॅसेंजरमध्ये भुसावळ ते रावेर तिने ती रेघ मनात पाच-सहा वेळा मारून पाहिली.

वर्ष संपत आलं तेव्हा सरांनी सांगितलं की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतले हौशी आणि नवे छायाचित्रकार, विशेषतः अर्धवेळ शिकणारे, यांचं प्रदर्शन जानेवारीत भरणार आहे. परीक्षक तिघे, बाहेरगावचे. निवडलेला प्रत्येक फोटो काचेच्या चौकटीत भिंतीवर लागेल आणि खाली काढणाऱ्याच्या नावाचं कार्ड असेल.

“एक सांगून ठेवतो,” सर म्हणाले. “सूर्यास्त, देवळाचा कळस आणि झोपलेला भिकारी आणू नका. मी थकलो.”

मंदाबाईला त्यातलं एकच ऐकू आलं होतं. नावाचं कार्ड. जांभळ्या शिक्क्यापेक्षा मोठं असेल का लहान, एवढाच विचार ती करत राहिली.

तिचा फोटो तिला मिळाला तो झुंबरअक्काच्या मळ्यात. झुंबरअक्का म्हणजे रतिलालभाऊची आत्या. बहात्तर वर्षांची, तरुणपणी विधवा झालेली, नदीपलीकडची तीन एकर केळी एकटीने करणारी. बांधाला लागून तोताराम महाजनचा मळा होता, आणि त्या दोघांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. त्याच्या नव्या केळीची रोपं एकदा कोणा जनावराने खाल्ली होती. तोतारामने गावभर सांगितलं की अक्काची म्हैस होती. चार जणांनी अक्काला समज दिली, आणि अक्काने रागारागाने ती म्हैस बाजारात नेऊन विकून टाकली. नंतर सहा महिने तिला चहा गोड लागला नाही. असो.

डिसेंबरात अक्काचा माल निघाला. ट्रक बांधाला उभा होता. हमाल घड रचत होते आणि मध्ये केळीचा पाला घालत होते, आणि पाला पातळ पडत होता. मंदाबाई स्टुडिओतला जुना दोन भिंगांचा कॅमेरा गळ्यात घालून घड कापणाऱ्यांचे फोटो काढायला आली होती. अक्का आधी खालून ओरडली. मग तिने लुगडं खोचलं, शिडी लावली आणि चढली वर.

“पाला काय चटणीसारखा लावू रायले?” ती वरून म्हणाली. “दिल्लीपर्यंत जायाचं हाये त्याईले. अठी घाला. अजून. अजून घाला म्हनते ना.”

आणि भरल्या ट्रकच्या माथ्यावर, कमरेवर दोन्ही हात ठेवून, ती पाला पायाने दाबत उभी राहिली. मागे मोकळं आभाळ. मंदाबाईने गुडघे टेकून वर पाहिलं आणि बटण दाबलं. एकदाच. दुसऱ्यांदा दाबेपर्यंत अक्का खाली वाकून हमालाला दुसरं काही सांगत होती.

डार्करूममध्ये ताटलीत आधी ट्रकची फळी आली, मग ते पाय, मग कोपरं, आणि शेवटी तोंड. सुरकुत्या शेतातल्या सऱ्यांसारख्या. मंदाबाईचा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. तिने पेन्सिल उचलली, पाहिली आणि परत डब्यात टाकली.

देवरे सरांनी फोटो पाहिला तेव्हा ते पुस्तकी मराठी विसरून घरच्या अहिराणीवर आले. “हाऊ कोना शे?” म्हणाले. “बाकीना बठ्ठा फोटो एकीकडे, अन् हाऊ एकीकडे.”

तीनशेच्या वर फोटो आले होते. परीक्षकांनी बेचाळीस निवडले, त्यात मंदाबाईचा होता. पोस्टकार्ड आलं आणि रतिलालभाऊला एवढा आनंद झाला की तो सरळ आत्याच्या घरी जाऊन सांगून आला. मंदाबाई हे जरा बेताने, चांगला मुहूर्त पाहून सांगणार होती. आता ती मागोमाग धावली.

अक्का जेवायला बसली होती. घास हातात तसाच होता.

“मंदे,” ती म्हणाली, “त्या भिंतीकडे पाह्य.”

भिंतीवर तीन फोटो होते. अक्काचा नवरा, सासरा आणि थोरला दीर. तिघेही वारलेले, तिघांच्याही चौकटीला चंदनाचे वाळके हार. शेजारी चौथा खिळा होता, मोकळा. तो अक्काने स्वतः सुताराकडून ठोकून घेतला होता, भिंतीत ओल असते म्हणून वेळेवर धावपळ नको.

“भिंतीवर एकटं मानूस,” अक्का म्हणाली. “वर काच. खाली नाव. याले काय म्हनतात ते सांग.”

“अक्का, जळगावला जिवंत माणसांचे पण लावतात.”

“जळगावात काय बी लावतीन. मले जळगावच्या भिंतीवर मरायचं नाई. माझा खिळा अठी हाये.”

“आणि खाली नाव तुमचं नसतं,” मंदाबाई म्हणाली. तिचा आवाज जरा चढलाच. “खाली नाव माझं असतं.”

अक्काने घास ताटात ठेवला. “तुह्यं? रत्याचं नाई?”

“माझं.”

“शिक्का नाई?”

“शिक्का नाही. कार्ड.”

अक्का पाणी प्यायली, तिने भाकरी संपवली, हात धुतला. मग तिने दोन अटी घातल्या. एक, फोटो भिंतीवर असेपर्यंत ती स्वतः त्याच्या खाली खुर्ची टाकून बसणार, म्हणजे कोणाला शंका नको. दुसरी, हार नको. “कोनी हार घातला तं त्याच घटकेले फोटो खाली. मंग तुह्यं कार्ड राहो का जावो.”

मंदाबाईने शब्द दिला. जिवंत बाईच्या फोटोला हार कोण घालणार आहे, असं तिला वाटलं.

गुरुवार ते रविवार प्रदर्शन होतं. मंदाबाईची बहीण बेबाबाई जळगावातच राहायची, तिच्याकडे दोघी उतरल्या. एका शाळेचा चित्रकलेचा हॉल घेतला होता. रोज दहा वाजता अक्का हिरवं लुगडं नेसून आपल्या फोटोखाली बसायची आणि काठी दोन पायांमध्ये उभी धरायची. पहिल्या दिवशी व्यवस्थापकांना ते खटकलं. नियमात फोटोखाली माणूस बसवण्याची तरतूद नव्हती. पण नियमात बंदीही नव्हती, आणि अक्काला उठवायला कोण जाणार यावर त्यांचं एकमत होईना.

दुसऱ्या दिवसापर्यंत अर्धी गर्दी अक्काभोवतीच असायची. धुळ्याच्या कॉलेजातला एक जण फोटोकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने पाहत राहिला. “आजी, हाऊ फोटू तुनाच शे का?”

“नाई,” अक्का म्हणाली. “माझ्या सासूचा. ट्रक तिच्या लग्नात आला व्हता.”

एक बँकेतले साहेब हात मागे बांधून उभे राहिले आणि सोबतच्या बाईंना समजावून सांगू लागले की त्या विस्तीर्ण आकाशात स्त्रीच्या एकटेपणाची भावना फार प्रभावी उतरली आहे.

“एकटी कोठची,” अक्का खालून म्हणाली. “आठ हमाल व्हते, बोंबलू रायले व्हते. ते खाली हायेत, दिसत नाई.”

मंदाबाई बाजूला उभी राहून हे ऐकायची आणि मधूनमधून कार्डाकडे पाहायची. ‘छायाचित्र : मंदाबाई रतिलाल भंगाळे, रावेर.’ टाइप केलेलं, ‘ळ’ जरा पुसट आलेला. रतिलालभाऊ शनिवारी एक लग्न सोडून येऊन गेला. तोही कार्डासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “माझं नाव मध्ये आलंय.” मग म्हणाला, “ठीक आहे. मध्ये बरं दिसतं.”

रविवारी सकाळी निकाल लागला. पहिला क्रमांक मंदाबाईचा. बक्षीस पाच वाजता द्यायचं होतं, पाहुणे नाशिकहून यायचे होते. नियमाचा कागद दाराशीच लावला होता. समारंभापूर्वी भिंतीवरून उतरवलेला फोटो स्पर्धेतून बाद. तो नियम मंदाबाईने पहिल्याच दिवशी वाचला होता आणि विसरूनही गेली होती.

दुपारी दीडला अक्काला भूक लागली. आपल्याच फोटोखाली बसून भाकरी खाणं तिला बरं वाटेना. खुर्चीवर काठी ठेवून ती मंदाबाईबरोबर मागच्या ओट्यावर गेली. भरीत होतं, बेबाबाईने दिलेलं, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. अक्का सावकाश जेवली.

इकडे हॉलमध्ये निंबा होता. निंबा शाळेचा शिपाई. त्याने आयुष्यात पन्नास समारंभ लावले असतील आणि प्रत्येकात त्याचं काम एकच, समई पुसायची आणि तसबिरीला हार घालायचा. पाहुण्यांचे हार आले होते, त्यात एक जास्तीचा होता. पहिल्या नंबराच्या फोटोचा मान म्हणून निंबाने स्टुलावर चढून तो झेंडूचा ठसठशीत हार त्या चौकटीला घातला. छान दिसला. मग त्याला वाटलं, हार आहे तर उदबत्ती का नको. खुर्चीच्या बाजूला त्याने दोन उदबत्त्याही लावल्या, अर्ध्या कच्च्या बटाट्यात खोचून.

मंदाबाई आणि अक्का ओट्यावरून परतत होत्या तेव्हा दारातून एक शिंपी आणि त्याची बायको बाहेर पडत होते. शिंपी मंदाबाईला ओळखत होता, आदल्या दिवशी बोलून गेला होता.

“फार वाईट झालं, ताई,” तो म्हणाला. “काल तर चांगल्या बसल्या होत्या. ट्रकवरून पडल्या का?”

मंदाबाईला काही कळेना. अक्का तिच्या मागे होती, पदराने तोंड पुसत. शिंप्याच्या बायकोने तिला पाहिलं आणि नवऱ्याची बाही धरून त्याला जवळजवळ ओढतच नेलं.

हॉलच्या दाराशी दोघी थांबल्या. समोर भिंतीवर झेंडू, खाली धूर, मोकळी खुर्ची आणि तिच्यावर आडवी काठी. आणि खुर्चीपुढे, टोपी हातात घेऊन, पाठमोरा उभा तोताराम महाजन. तो जळगावला पाइप घ्यायला आला होता. झुंबरअक्का भिंतीवर लागली आहे आणि खाली बसून मिरवते आहे हे त्याने गावात ऐकलं होतं, आणि ते मिरवणं एकदा डोळ्यांनी पाहून चार ठिकाणी सांगावं अशा बेताने तो आत शिरला होता.

“तुम्ही घरचे का?” निंबाने विचारलं.

“शेजारी,” तोताराम म्हणाला. “कव्हा झालं?”

“सकाळीच,” निंबा म्हणाला. तो निकालाचं सांगत होता.

तोतारामने मान हलवली. मग तो फोटोकडे पाहून बोलायला लागला, हळू, पण रिकाम्या हॉलमध्ये शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“अक्का, अकरा वर्सं तुम्ही माह्याशी बोलल्या नाई. बराबर केलं. ती तुमची म्हैस नव्हती. माझेच बैल सुटले व्हते. मले त्याच दिवशी समजलं व्हतं, पन गावाले सांगून बसलो व्हतो. मंग कसं फिरवाव? तुम्ही म्हैस इकली त्या दिवशी मी घरी जेवलो नाई.” त्याने टोपीने डोळे पुसले. “लई चांगली म्हैस व्हती.”

मंदाबाईने अक्काकडे पाहिलं नाही. तिला हिंमत झाली नाही. तिला एकच दिसत होतं, तो हार. शब्द दिला होता. पाच वाजायला अजून जवळजवळ तीन तास होते, आणि दाराशी लावलेला नियमाचा कागद तिच्या खांद्याशीच होता. ती तोतारामच्या बाजूने पुढे गेली, स्टूल ओढलं, चढली. तोतारामला वाटलं ही हार सारखा करते आहे. तिने आधी कार्ड काढलं. टाचणीने लावलेलं होतं, पटकन निघालं. ते तिने ब्लाउजमध्ये सरकवलं आणि चौकटीला दोन्ही हात लावले.

“ठेव,” मागून अक्का म्हणाली.

तोताराम वळला. तो एक पाऊल मागे सरला आणि खुर्चीवर बसला, अक्काच्या काठीवरच, मग ताडकन उठला.

“बस, बस,” अक्का म्हणाली. “म्हैस कोन्त्या रंगाची व्हती?”

“काळी,” तोताराम म्हणाला.

“शिंगं?”

“एक वाकडं.”

“याद हाये म्हना.” अक्काने उदबत्त्या बटाट्यासकट उचलल्या आणि निंबाच्या हातात दिल्या. “हे घेऊन जाय. मले धूर सोसत नाई.” मग तिने वर पाहिलं. “मंदे, खाली उतर. कार्ड लाव पयले.”

“अक्का, हार,” मंदाबाई म्हणाली. तिचे हात अजून चौकटीवरच होते. “मी शब्द दिला होता.”

“तू दिला व्हता. मी तं नाई दिला.” अक्का खुर्चीत बसली आणि काठी परत पायांमध्ये उभी केली. “राहू दे हार. पाच वाजेलोग अजून कोनाले काई सांगायचं असीन, तं सांगू दे.”

त्या दिवशी मंदाबाईच्या टाचण्या वाकड्याच लागत होत्या. कार्ड तीन वेळा लावावं लागलं, आणि तरी डावीकडे कललेलं राहिलं. कोणी सरळ केलं नाही.

तोताराम गेला नाही. पाइपचं दुकान बंद होईल असं दोनदा म्हणाला आणि दोन्ही वेळा थांबला. अक्का त्याला फोटो समजावून सांगत होती, खाली कोण कोण हमाल उभे होते, पाला कुठे पातळ होता. मध्येच एक म्हातारे गृहस्थ हार पाहून नमस्कार करायला आले. अक्काने त्यांना सांगितलं, “हात जोडायचे तं मले जोडा, मी अठी हाये.” त्यांनी जोडले.

पाचाला पाहुणे आले, समई लागली, भाषणं झाली. भाषणांबद्दल लिहिण्यासारखं काही नव्हतं. मग देवरे सरांनी माईक हातात घेतला आणि नाव वाचलं.

“प्रथम क्रमांक, मंदाबाई रतिलाल भंगाळे.”

“हजर,” मंदाबाई म्हणाली.

हॉल हसला, सर सगळ्यात जास्त हसले, आणि मंदाबाईचे कान लाल झाले. ती पुढे निघाली. अर्ध्या वाटेत तिने मागे वळून पाहिलं. झेंडूच्या हाराखाली अक्का खुर्चीत ताठ बसली होती. शेजारी तोताराम उभा होता, दुसरी खुर्ची नव्हती म्हणून, आणि अक्काची काठी त्याने हातात धरली होती. अक्का मंदाबाईला हाताने काहीतरी खुणावत होती.

मंदाबाईने खाली पाहिलं. पदराला अजून ओट्यावरच्या भरिताचा डाग होता. तिने पदर फिरवून घेतला आणि गेली.